सहलीच्या बोटीची गस्तीनौका: १/४८ चं मॉडेल

६ एप्रिल १९१७ ला अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. किनाऱ्यावर गस्त घालायला जहाजं कमी, म्हणून नौदलाने श्रीमंतांच्या मोटारबोटी विकत किंवा भाडेकराराने घेतल्या, तोफ बसवली आणि 'एसपी' (सेक्शन पेट्रोल, म्हणजे किनाऱ्याच्या विभागवार गस्तीची बोट) क्रमांक दिला. मॉडेलमध्ये आधी सहलीची बोट दिसली पाहिजे, मग तोफ.

६० फुटी बोट १/४८ मध्ये ३८ सेंमी होते, रुंदी साधारण ७ सेंमी. पाण्यावरचाच भाग करायचा तर ५ मिमी जाडीच्या बाल्साचे (हलकं, मऊ लाकूड) सहा थर पुरतात. १० सेंमी रुंद, मीटरभर लांब असे तीन शीट घ्या. फेव्हिकॉल अगदी पातळ लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. जास्त लावला की ओलाव्याने थर वाकतात. आकार आल्यावर सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) तीन हात द्या, दर हातानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा. नाहीतर रंगाखाली लाकडाचे केस उभे राहतात.

तोफेसाठी मेडिकलमधून १८ नंबरची इंजेक्शनची सुई आणा. एक पाउंडी तोफेचं तोंड ३७ मिमी, म्हणजे या मापात पाऊण मिमीच्या आसपास, आणि या सुईचं भोक जवळपास तेवढंच! कात्रीने कापू नका, भोक चेपतं. त्रिकोणी कानशीने गोल खाच पाडून मोडा, टोक घासून घ्या. नळी डेकपासून २५ मिमी उंच ठेवा. या मापात माणूस ३५ मिमीचा, तोफ त्याच्या छातीशी यायला हवी. खाली १२ मिमीची गोल चकती चिकटवा. सहलीच्या बोटीचा डेक तोफेचा धक्का सोसेल असा नसायचा, त्याला बळकटी द्यावी लागे, ही चकती म्हणजे तीच. तोफ दोन्ही बाजूंना फिरवून बघा, केबिनला अडली तर पुढे सरकवा.

रंग करड्या छटेचा, वॉर्निशची केबिन आणि पितळी खिडक्यांवरूनही सरसकट. त्यात दहावा भाग पांढरा मिसळा, नाहीतर लहान मॉडेल काळपट दिसतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये लॅकरचा स्प्रे मारू नका, दमट हवेत पांढरट धूर धरतो. तेव्हा ब्रशने इनॅमल बरं. गंजाचे ओघळ नांगर आणि साखळीखालीच काढा. बोट लाकडी आहे, तरी हौशी मंडळी ती आख्खी गंजवतात. क्रमांक पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना, स्टेन्सिलने.