वकिलानं डिप्रेशनवर उपचार घ्यायचे कसे, आणि सांगायचं कुणाला

"मॅडम, सनद जाईल का हो?"

डिप्रेशनबद्दल बोलायला येणारा प्रत्येक वकील आधी हेच विचारतो. कधी तो नुकती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतलेला ज्युनिअर असतो, कधी पंचवीस वर्षं प्रॅक्टिस झालेला सीनियर. मी कोल्हापुरात दिवाणी आणि कौटुंबिक कामं चालवते. डिप्रेशनची औषधं घेऊन बरी झाले आहे आणि ते कुणापासून लपवत नाही, म्हणून लोक माझ्याकडे येतात. त्या सगळ्यांना जे सांगते, ते इथं लिहिते आहे.

सनद जात नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम २४ अ उघडून बघा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, अस्पृश्यता कायद्याखाली शिक्षा, नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून सरकारी नोकरीतून बडतर्फी, अशी सनद नाकारण्याची कारणं तिथं आहेत. आजाराचा उल्लेखही नाही. कलम ३५ गैरवर्तनाबद्दल आहे आणि गोळी घेणं हे गैरवर्तन नव्हे. त्यापुढं मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं कलम ३ वाचा: मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही, सक्षम न्यायालयानं तसं ठरवलं तरच ठरतो. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज आजार आहे असंही म्हणता येत नाही. ही दोन कलमं छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आपल्या लोकांना कागद दिसल्याशिवाय पटत नाही.

आता जरा कडू बोलते. हा कलंक बाहेरून आलेला नाही, त्यातला बराचसा आपणच टाइप करतो. घटस्फोटाच्या अर्जात "सामनेवाली ही मानसिक रुग्ण असून तिला गोळ्या चालू आहेत" हे वाक्य किती सहज घातलं जातं! हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(iii) ला नुसता आजार पुरत नाही. तो इतका गंभीर असावा लागतो की जोडीदाराकडून एकत्र राहण्याची वाजवी अपेक्षाच करता येऊ नये. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ सांगितलं आहे. तरीही पुरावा नसताना, समोरच्याला नुसतं खाली बघायला लावायचं म्हणून ते वाक्य जातं. तुमच्या ऑफिसात ते टाइप करणाऱ्या ज्युनिअरच्या पर्समध्ये त्याच गोळ्या असतील, तर ती तुम्हाला कधीच काही सांगणार नाही. म्हणून पहिलं काम आपल्या ड्राफ्टपासून. अशील हट्टाला पेटला तर सांगा, "हे सिद्ध करता येणार नाही आणि उलटतपासात आपल्यावरच येईल." हे खरंही आहे आणि त्याला लगेच समजतं.

आजार ओळखायचा कसा? युक्तिवादाच्या आदल्या रात्री झोप न येणं म्हणजे डिप्रेशन नव्हे. काम झालं की ते उतरतं. दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहतं किंवा कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहतं, तेव्हा डॉक्टरला दाखवायचं. वकिलात हे वेगळ्या रूपात दिसतं. फाईल समोर असते पण दोरी सोडवत नाही. अशिलाचा फोन वाजतो तेव्हा छातीत धस्स होतं. साधं म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, देण्याच्या कामातही मुदत वाढवून मागायचा अर्ज जातो. पहाटे जाग येते आणि मग झोप नाही. बार रूममध्ये त्याला "आळशी झालाय" म्हणतात, आणि तोही स्वतःला तेच म्हणत राहतो.

डॉक्टरकडं जायच्या आधी, किंवा त्याच दिवशी, एक काम उरका: मुदती. आपल्या धंद्यात हा आजार पहिला घाव तिथं घालतो. कैफियतीचे, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायचे, ३० दिवस, फार तर ९०. जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी अपिलाचे ३०, उच्च न्यायालयातले ९०. चुकलेली मुदत अशिलाचं नुकसान करते, आणि त्या अपराधी भावनेनं आजार आणखी बळावतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये वकिलाच्या नावानं शोध घेता येतो. पुढच्या तारखांची यादी काढा आणि विश्वासातल्या एका सहकाऱ्याला द्या. त्याच्यासोबत बसून जिथं मुदत चालू आहे त्या फाईली वेगळ्या करा. सगळा बोर्ड, म्हणजे सगळ्या केसेस, त्याच्या गळ्यात घालू नका. तेवढ्या फाईलीच द्या आणि वकीलपत्रावर त्याचं नाव चढवा. बाकी कामांत "प्रकृती अस्वास्थ्यामुळे मुदत मिळावी" एवढा अर्ज चालतो. आजाराचं नाव घालायची गरज नाही. दाखला लागला तर डॉक्टरांना सांगा, उपचार चालू आहेत आणि विश्रांती हवी, एवढंच लिहा.

कोल्हापूर लहान आहे, हे मला मान्य आहे. राजारामपुरीत मानसोपचाराच्या दवाखान्याचा जिना चढलात तर खाली अशील भेटतो. १७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झाल्यापासून सहा जिल्ह्यांचे वकील भाऊसिंगजी रोडला असतात, आणि सीपीआर, म्हणजे सरकारी रुग्णालय, तर समोरच. मी म्हणते, सरळ सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीत जा. केसपेपर काढणारा माणूस तिथं कशासाठी आलाय हे कुणी विचारत बसत नाही. तरीही पाऊल उचलत नसेल तर पहिल्यांदा मिरजेला जा. तासाभराचा रस्ता, आणि तिथं दवाखान्यांची काही कमी नाही. तेही जमत नसेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीतही. गुप्ततेचं म्हणाल तर अशिलाच्या बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ जपतं, तसा मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नं तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अपवाद दोन्हीकडं आहेत, पण बार रूममधली चौकशी त्यात बसत नाही.

डॉक्टरसमोर मात्र अशिलासारखं वागू नका, म्हणजे अर्धं सांगून अर्धं दडवू नका. दारू किती, झोपेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून, घरात आधी कुणाला होतं का, सगळं सांगा. थायरॉइड तपासायला सांगितलं तर तपासा. तो बिघडला तरी अशीच लक्षणं दिसतात. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. त्या आधी "काही फरक नाही" म्हणून बंद करणारे वकील मी पाहिलेत. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात, आणि थांबवायचं ते डॉक्टरच्या सल्ल्यानं, हळूहळू. डिप्रेशनच्या गोळ्यांची चटक लागत नाही. सवय लागण्याची भीती असते ती झोपेच्या काही गोळ्यांची, आणि लोक नेमक्या त्याच मेडिकलमधून मागून घेतात. समुपदेशनही घ्या. आपण दिवसभर दुसऱ्याचं ऐकून घेतो. आपलं ऐकणारं कुणीतरी पाहिजे.

संध्याकाळचं "बसणं" थांबवा. अमेरिकेत सुमारे १३ हजार वकिलांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, त्यात २८ टक्क्यांत डिप्रेशनची लक्षणं होती आणि पाचात एकाहून जास्त जणांचं पिणं धोक्याच्या पातळीवर होतं. दारू त्या रात्रीपुरती झोप देते आणि आजार वाढवते.

घरचे म्हणतील, जोतिबाला जाऊन ये, अंबाबाईची ओटी भर. जा की. श्रद्धेनं मनाला बळ मिळतं. फक्त गोळी चुकवू नका.

सांगायचं कुणाला? घरात एकाला, कोर्टात एकाला, आणि आपल्या कारकुनाला, कारण फोन तोच उचलतो. अशिलाला "तब्येत बरी नव्हती, आता तुमचं काम बघतोय" पुरे. बार रूमसाठी एक उत्तर आधीच ठरवून ठेवा. "काय ओ वकील, दिसत न्हाई अलीकडं?" "औषधं चालू हायत, आता बरं हाय." "कसली?" "मन बरं नव्हतं. डॉक्टर चांगला भेटलाय, नंबर पायजे काय?" हे मी स्वतः म्हणत आले आहे. त्यानंतर विचारणारा बहुतेक वेळा थोडा थांबतो, आणि कधी कधी संध्याकाळी खरंच नंबर मागायला येतो.

विम्याचंही बघून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ नं विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखाच आरोग्यविमा देणं बंधनकारक केलं आहे. नाकारलं तर आपण वकील आहोत.

सहकाऱ्याच्या तोंडून "आता नको वाटतं सगळं" असं आलं तर विषय बदलू नका. स्पष्ट विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. होय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, १४४१६ लावा, नाहीतर थेट सीपीआरच्या अपघात विभागात घेऊन जा. केस होईल या भीतीनं दवाखाना टाळू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही, आणि २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं.

आणि तो बरा होऊन परत आला की त्याच्यापासून फाईली लपवू नका. "तुला झेपेल का?" हे सगळ्यांसमोर विचारू नका. सुरुवातीला पुरशिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन), नकला, साधे मुदतीचे अर्ज त्याच्याकडं द्या, त्याचं नाव रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, येऊ द्या. उलटतपास त्यानं स्वतः मागितला की द्या, आणि त्या दिवशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.