मुलांना सौम्यतेने वाढवणे आणि अपायापासून जपणे : ख्रिस्ती पालकांसाठी

ख्रिस्ती घरात मुलांच्या शिस्तीचा विषय निघाला की ‘छडी आवरणारा आपल्या मुलाचा द्वेष करतो’ या नीतिसूत्रांतील वचनाची आठवण कोणीतरी करून देतेच. मुलांच्या सुरक्षिततेचा विषय मात्र वेगळ्या बैठकीत, आणि बहुधा काही वाईट घडून गेल्यावर निघतो. माझ्या मते हे दोन विषय मुळात एकच आहेत. ज्या मुलाला आईवडिलांच्या रागाची धास्ती वाटते, ते आपल्यावर अत्याचार झाला तरी घरी सांगायला धजत नाही; आणि मोठ्यांचा प्रत्येक शब्द निमूटपणे झेलायची सवय लागलेल्या मुलाला अत्याचार करणाऱ्या मोठ्या माणसालाही नकार देता येत नाही. म्हणून पुढील सूचना घरातील शिस्तीपासून सुरू होऊन मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) जबाबदारीपर्यंत जातात.

छडीची वचने नीट वाचावीत

नीतिसूत्रे १३:२४, २२:१५, २३:१३-१४ आणि २९:१५ ही वचने टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांतून शारीरिक शिक्षेची आज्ञाच मिळते असे मानणारे ख्रिस्ती लोक आहेत, आणि तसे न मानणारेही आहेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे. त्याची कारणे शास्त्रातच सापडतात. या वचनांतील ‘शेबेट’ हा इब्री शब्द स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या काठीसाठी आला आहे, आणि ती काठी तेथे मेंढराला धीर देते. दुसरे असे की, २२:१५ आणि २९:१५ मध्ये मुलासाठी वापरलेला ‘नअर’ हा शब्द पेटाऱ्यातील तान्ह्या मोशेसाठी येतो, तसाच सतरा वर्षांच्या योसेफासाठी आणि बंड करणाऱ्या अबशालोमासाठीही येतो. त्यामुळे केवळ या शब्दावरून दोनतीन वर्षांच्या बाळावर हात उगारण्याचा आधार निघत नाही. नीतिसूत्रे २६:३ मूर्खाच्या पाठीला छडी सांगते, पण ते वचन अक्षरशः घेऊन मोठ्या माणसांवर छडी चालवा असे आज कोणी म्हणत नाही. मुलांच्या बाबतीतच अक्षरार्थाचा एवढा आग्रह का धरावा?

प्रेषित पौलाचे शब्द तर थेट बापांना उद्देशून आहेत. मुलांना चिरडीस आणू नका, असे तो इफिसकरांस (६:४) आणि कलस्सैकरांस (३:२१) लिहितो, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचे कारणही देतो: ती खचून जातील. ज्या काळात रोमन कायद्याने बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद सत्ता दिली होती, त्या काळात बापाच्याच वागण्याला मर्यादा घालणारी ही आज्ञा होती. (छडीच्या वचनांइतकी ती उपदेशांत ऐकू येत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.)

सौम्यता म्हणजे मोकळे रान नव्हे

सौम्य संगोपनावर सर्वांत मोठा आक्षेप असा की त्याने मुले बिघडतात. मर्यादाच न घालणाऱ्या पालकत्वाला तो आक्षेप लागू पडतो, आणि पवित्र शास्त्रही तेच सांगते. एली याजकाचे पुत्र दुराचारी निघाले आणि त्याने त्यांना आवरले नाही, असा ठपका त्याच्यावर आहे. दावीद राजाचा पुत्र अदोनीया याच्याविषयी १ राजे १:६ मध्ये नोंद आहे की, ‘तू असे का केलेस?’ एवढे विचारूनही दावीदाने त्याला कधी दुखवले नव्हते. त्या वचनात दावीदाची उणीव मार न देण्यात नाही, प्रश्न न विचारण्यात आहे.

म्हणून घरातले नियम थोडे ठेवावेत, ते आधी सांगावेत आणि पाळावेत. परिणाम चुकीशी जोडलेला असावा: भिंतीवर रेघोट्या ओढल्या तर ती पुसायला मदत करणे, मोबाइलची ठरलेली वेळ ओलांडली तर दुसऱ्या दिवशी तेवढी वेळ कमी होणे. ‘देव तुला शिक्षा करील’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे, कारण त्यामुळे आपल्या रागाचे ओझे देवाच्या नावावर टाकले जाते आणि मुलाला प्रार्थनेचीही भीती वाटू लागते.

गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळांत सौम्यता आणि इंद्रियदमन शेजारी शेजारी आहेत, आणि ती फळे प्रथम पालकाच्या अंगी दिसायला हवीत. राग अनावर झाला असेल तर मूल सुरक्षित आहे एवढे पाहून दुसऱ्या खोलीत जावे, श्वास शांत होऊ द्यावा आणि मग बोलावे. लहान मूल पुष्कळदा भुकेने किंवा झोपेअभावी त्रागा करते. रतामाच्या झाडाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिले, दोनदा खाऊ घातले, आणि ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. आपण ओरडलो किंवा हात उगारला असेल तर मुलाजवळ चूक कबूल करावी, तीही ‘पण तू असे केलेस म्हणून’ अशी पुस्ती न जोडता. घरात पश्चात्ताप कसा असतो हे मुलाला दाखवण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

आज्ञापालनाची हद्द शिकवावी

‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ याबरोबर इफिस ६:१ मधील ‘प्रभूमध्ये’ हा शब्दही शिकवावा. कोणतीही व्यक्ती, मग ती नातेवाईक असो, शिक्षक असो किंवा पाळक असो, वाईट गोष्ट करायला सांगू लागली तर ती न ऐकणे हे पाप नाही, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे लाज न बाळगता शिकवावीत, म्हणजे गरज पडल्यास मुलाला नेमके सांगता येईल. पाहुण्यांना मिठी मारण्याची किंवा पापी देण्याची सक्ती करू नये. हात जोडून किंवा बोलूनही आदर दाखवता येतो. आईवडिलांपासून लपवायचे गुपित कोणी सांगितले तर ते लगेच सांगायचे, हा नियम अधूनमधून सहज बोलता बोलता पुन्हा सांगावा.

मंडळीतील व्यवस्था

चांगला स्वभाव आणि गोड प्रार्थना यांवरून माणूस मुलांसाठी सुरक्षित ठरत नाही. अत्याचार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीची आणि विश्वासातली असते. संडे स्कूल, शिबिर किंवा प्रवासात मुलांबरोबर नेहमी एकमेकांच्या नात्यात नसलेले किमान दोन प्रौढ असावेत, खोलीचे दार उघडे किंवा काचेचे असावे, स्वयंसेवकांची चौकशी आधी व्हावी, आणि मुलांना खासगी संदेश पाठवण्यास मनाई असावी. नियम पाळकालाही लागू असावेत. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कोणी विचारले तर तो प्रश्नच सावध करणारा आहे.

मुलाने काही सांगितले तर

शांतपणे ऐकावे, विश्वास ठेवावा, आणि ‘तुझी चूक नाही, सांगितलेस ते बरे केलेस’ असे म्हणावे. खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, कारण ते काम प्रशिक्षित लोकांचे आहे. मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवावेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. आरोप असलेल्या व्यक्तीला स्वतः जाब विचारायला जाऊ नये. पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे तक्रार करावी आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

याच टप्प्यावर मंडळीत ‘आधी एकांती बोला’ हे मत्तय १८:१५ पुढे केले जाते. त्याच अध्यायात, नऊच वचने आधी, लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचे शब्द आहेत. दावीदाचा पुत्र अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला तेव्हा तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने तिला गप्प राहायला सांगितले, दावीद संतापला पण त्याने काही केले नाही, आणि तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहिली. गप्प बसवलेल्या घराचे चित्र २ शमुवेल १३ मध्ये पूर्ण आहे. मुलावर क्षमा करण्याची सक्ती करू नये. अपराध्याला क्षमा मिळाली तरी त्याला कायद्याला सामोरे जावे लागते आणि मुलांच्या सेवेत परत येता येत नाही. उपासनेला कोणी यायचे नाही असा प्रश्न उभा राहिला, तर जागा सोडायची ती आरोप असलेल्या व्यक्तीने, मुलाने नव्हे.