पेटिटरॅडट्रान्सवर पहिला स्पेक्ट्रम काढताय? आधी हे वाचा

एक्सोप्लॅनेटचा (दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा) स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश हे, मॉडेल करायचा म्हटलं की बरेच जण थेट रिट्रीव्हलला, म्हणजे मोजलेल्या स्पेक्ट्रमवरून उलटं वातावरण शोधायला, हात घालतात. प्लीज तसं नका करू, आधी साधं फॉरवर्ड मॉडेल काढा, म्हणजे तापमान, वायू, गुरुत्व आपण द्यायचं आणि स्पेक्ट्रम कोडने काढून द्यायचा. ओपन-सोर्समध्ये पिकासो, टॉरेक्स, पोसायडन असं बरंच काही आहे, पण सुरुवातीला मी पेटिटरॅडट्रान्स हा पायथन कोडच सांगेन.

पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, आतलं जड गणित फोर्ट्रानमध्ये आहे म्हणून कंपायलर आधी टाका, मग पिपने इन्स्टॉल. ओपॅसिटीच्या (कुठला वायू कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश अडवतो याच्या) फाइल्स मोठ्या असतात, डिस्कवर जागा ठेवा. मोड कोरिलेटेड-के (कमी बारकाव्याचा, झटपट) घ्या, रिझोल्यूशन १००० पुरतं, लाइन-बाय-लाइनच्या (एकेक रेषा सुटी काढणाऱ्या मोडच्या) नादी आत्ताच लागू नका, रॅम संपते.

ग्रह घ्या वास्प-३९बी, हा एक तप्त वायुग्रह, आणि मोड ट्रान्समिशन, म्हणजे ग्रहाच्या वातावरणातून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश. हाच ग्रह, कारण २०२२ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला तिथे ४.३ मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दिसला, म्हणजे आपला उंचवटा तिथेच येतोय का ते लगेच ताडून बघता येतं. हायड्रोजन-हेलियमचं रॅले स्कॅटरिंग (रेणूंमुळे प्रकाश विखुरणं) आणि कोलिजन-इंड्यूस्ड अ‍ॅब्सॉर्प्शन (रेणू एकमेकांवर आदळताना होणारं शोषण) दोन्ही टाकायला विसरू नका.

आता खरी गोची, युनिट्स. इथे सगळं सीजीएसमध्ये (सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद) लागतं, फक्त दाब बारमध्ये. या ग्रहाचं गुरुत्व सेकंदाला सेकंदाला साधारण ४.३ मीटर, म्हणजे कोडमध्ये ४३०. तुम्ही ४.३ च टाकलंत तर जी स्केल हाइट (जेवढं वर गेल्यावर दाब साधारण एक-तृतीयांश होतो ती उंची) हजारेक किलोमीटर यायला हवी ती लाखाच्या घरात जाते, ग्रहाच्या त्रिज्येपेक्षाही मोठी! म्हणून स्केल हाइट आधी कागदावर काढाच. दुसरं, वायूंचं प्रमाण वस्तुमानाने द्यायचं, रेणूंच्या संख्येने नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं वस्तुमान ४४, वातावरणातल्या रेणूंची सरासरी २.३ च्या आसपास, म्हणजे गल्लत झाली की जवळजवळ १९ पटींचा फरक, आणि कोड एररही देत नाही, ग्राफ अगदी छान दिसतो, त्यामुळे चूक कळतच नाही.

ब्राउन ड्वार्फ (ग्रहापेक्षा जड, पण तारा होऊ न शकलेला गोळा) करायचा असेल तर एमिशन मोड, म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश. इथे सगळ्या थरांना एकच तापमान देऊ नका, ट्रान्समिशनला ते चालून जातं पण एमिशनमध्ये नुसती गुळगुळीत प्लांक कर्व्ह (तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाची साधी वक्ररेषा) मिळते, वायू कितीही टाका, एक रेषा दिसणार नाही. खाली गरम वर थंड अशी प्रोफाइल द्या, ग्लीझ २२९ बी या ब्राउन ड्वार्फसारखं ९०० केल्विनच्या आसपासचं काही घ्या आणि मिथेन टाका, मग खड्डे दिसायला लागतात. ढग नंतर, एकेक करून.