बेळगावची थंड हवा आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या: रोजचं काय बदलायचं

आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे बघा, हवा थंड म्हणजे ऊन कमी. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, वारा असतो, चटका बसत नाही, पण कातडी म्हातारी करणारे उन्हातले यूव्ही किरण तापमान बघून येत नाहीत. त्यातले यूव्हीए तर ढगातून आणि गाडीच्या काचेतूनपण येतात आणि कातडी घट्ट धरून ठेवणारे धागे, म्हणजे कोलॅजन, तोडतात, मग बाजेची सुतळी सैल पडल्यावर झोळ येतो तसं कातडीचं होतं. पटत नसेल तर दंडाची आतली बाजू आणि पंज्याची वरची बाजू शेजारी धरून बघा की, वय एकच आहे दोन्हीचं.

२०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आलेला, २८ वर्षं गाडी चालवलेला, खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे रोज कोल्हापूर-धारवाड करणाऱ्यांनी उजवा गाल सांभाळा.

म्हणून पैसे खर्च करायचेच तर आधी सनस्क्रीनवर करा, महागड्या नाईट क्रीमवर नंतर. एसपीएफ, म्हणजे ट्यूबवरचा ऊन अडवायचा आकडा, ३० किंवा जास्त, आणि ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीएपण अडवणारं) लिहिलेलं बघून घ्या, दोन बोटांवर लांब रेघ ओढून होईल एवढं चेहऱ्याला आणि मानेला, निघायच्या पंधरा मिनिटं आधी. कानाला आणि हातांना वेगळं घ्यायचं, हे सगळेच विसरतात. बाहेरच असाल तर दर दोन तासांनी परत. शेतात रोपं लावायला जाणाऱ्या बायकांना हे कुठं जमणार, त्या पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्यावरून पदर घेतात तेच बरोबर, फक्त चेहऱ्यावर सावली पडेल असं बघायचं. खानापूरच्या पावसातपण सनस्क्रीन सोडू नका.

दुसरी गोष्ट तंबाखू. निपाणी भागात पिकते म्हणून घरोघरी असणारच, पण बिडी-सिगारेटनं कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी पोचतं, ओठांभोवती रेघा लवकर येतात. मिश्रीमध्येपण निकोटीन असतंच हो, ती काय दंतमंजन नव्हे.

साखर जास्त झाली की ती कोलॅजनला चिकटून ते कडक करते. कुंदा सोडा म्हणत नाही मी, बेळगावात राहून असं बोलणंच पाप, पण दिवसाचे पाच-सहा गोड चहा कमी करा. झोप सात तास तरी हवी, उद्यमबागच्या कारखान्यांतल्या नाईट शिफ्टवाल्यांनी दिवसा खोली काळोखी करून झोपावं.

थंडीत वारा कोरडा, तेव्हा कडक साबण चेहऱ्याला नको, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. लिंबू आणि सोडा चोळायचा व्हिडिओ बघून नवे प्रयोग नकोत.

आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी गोरं करायची ट्यूब, तिच्यावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा, ते स्टिरॉइड, काही आठवडे छान दिसतं आणि मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा.