विमानवाहू नौकेसाठी विमान व उड्डाणयंत्रणा कशी निवडावी

उड्डाणयंत्रणेचा निर्णय आधी घ्यावा, कारण विमाने पुढे बदलता येतात, जहाजाचा सांगाडा सहसा नाही. ‘विक्रांत’वर आहे तशी टोकाला वर वळलेली स्की-जंप धावपट्टी देखभालीला सोपी असते, परंतु तिच्यावरून विमान केवळ स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर उडत असल्याने इंधन किंवा शस्त्रे कमी न्यावी लागतात. हॉकआयसारखे जड टेहळणी विमान हवे असल्यास कॅटापल्टला, म्हणजे विमानाला धावपट्टीवरून वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्रणेला, पर्याय नाही, आणि तो विद्युतचुंबकीय असेल तर जहाजाची वीजनिर्मिती आधी तपासावी.

विमान निवडताना, ते हँगरमधून (धावपट्टीखालील विमाने ठेवण्याच्या जागेतून) वर नेणाऱ्या लिफ्टचे माप जरूर पाहावे. राफेल या फ्रेंच लढाऊ विमानाची नौदल आवृत्ती असलेल्या राफेल-एमचे पंख दुमडत नाहीत, ही बाब कागदावर क्षुल्लक वाटते, हँगरमध्ये नाही. अखेरीस किनाऱ्यावर चाचणी घ्यावी, जशी २०२२ मध्ये गोव्याच्या ‘हंसा’ तळावरील स्की-जंपवरून राफेल-एम आणि अमेरिकी लढाऊ विमान सुपर हॉर्नेट यांची झाली. भारताने २०२५ मध्ये २६ राफेलांचा करार केला.