काळी कोंबडी नेमकी कुठली, हे कसं ओळखायचं

कडकनाथ, ऑस्ट्रेलियातली ऑस्ट्रलॉर्प आणि आपली गावरान काळी एकाच डालग्यात बसवल्या, तर लांबून तिघी बहिणी वाटतात. नाशिकच्या आसपासच्या आठवडे बाजारांत लोक पिसांवरची हिरवी झाक बघतात आणि लगेच ‘अस्सल कडकनाथ’ म्हणून पैसे मोजतात. ही झाक उन्हात धरली की तिघींवरही दिसते, त्यामुळे तिच्या भरवशावर सौदा करू नका.

आधी छातीवरच्या पिसांत फुंकर मारा. पिसं फाकली की कातडी दिसते. कडकनाथची काळपट राखाडी, ऑस्ट्रलॉर्पची पांढरी. मग पंजा उलटा करा. ऑस्ट्रलॉर्पचे पाय वरून काळे असले तरी तळवा पांढरट निघतो. कडकनाथचा तळवाही गडदच असतो. शेवटी चोच उघडून जीभ बघा. कडकनाथची जीभ आणि तुरा जांभळट काळा, ऑस्ट्रलॉर्पचा तुरा लालभडक. पेठ, सुरगाण्याकडच्या गावरान काळीचा तुराही बहुतेक वेळा लालच सापडतो. कातडी, तळवा सगळं काळं पण तुऱ्यावर लाली असेल, तर संकराची शंका घ्या आणि भाव त्या हिशेबानं करा.

उलटंही होतं. मानेवर चंदेरी रेघा दिसल्या की गिऱ्हाईक ‘भेसळ’ म्हणून नाक मुरडतं. पण मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथात (भौगोलिक मानांकन २०१८ चं) पूर्ण काळा, चंदेरी रेघांचा आणि सोनेरी झाकेचा असे तीन प्रकार आहेतच. चांगला पक्षी असा नाकारला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

उन्हाळ्याच्या शेवटी काळी कोंबडी तांबूस दिसायला लागते. अशा वेळी पंख पूर्ण पसरवून धरा. दुसऱ्या पिसाखाली झाकलेला भाग काळाभोर आणि उघडा राहिलेला भागच तपकिरी असेल, तर ते उन्हानं विटलेलं जुनं पीस. पीसझड झाली की नवं काळंच येतं.

तांबड्या कोंबडीचं काम सोपं. ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या जातीचं पीस मुळापर्यंत तांबडं असतं. पोल्ट्रीतली अंड्यावरची तांबडी गावरान म्हणून विकायला आली, तर पिसांखालचा कापूस बऱ्याचदा पांढरा निघतो. चोचीचं टोकही बघा. छाटलेली चोच म्हणजे पोल्ट्रीचा माल.

काबऱ्या प्लायमाउथ रॉक जातीमध्ये नराचे पांढरे पट्टे रुंद असतात, म्हणून तो मादीपेक्षा फिकट दिसतो. ती वेगळी जात नाही, जोडीच आहे. याच जातीच्या एका दिवसाच्या काळ्या पिल्लांच्या डोक्यावरचा पांढरा ठिपकाही बघून ठेवा. नराचा मोठा आणि पसरट, मादीचा लहान आणि नेटका. पिल्लं घ्यायची तर हा ठिपका पहिल्याच दिवशी बघा, पुढे पिसं फुटली की तो हरवतो.