विधानसभेआधी एक यादीभाग कसा बांधावा

विधानसभेची तारीख जाहीर झाली की आपल्या पुरोगामी वर्तुळात बैठकांना ऊत येतो. समविचारी संघटनांची बैठक, मग समन्वय समिती, मग पत्रकाच्या मसुद्यावर तासन्‌तास खल. तोवर खऱ्या कामाची मुदत निघून गेलेली असते. २०२४ चंच बघा. १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर झाला आणि उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख होती २९ ऑक्टोबर. ती तारीख उलटली की कायद्यानेच मतदारयादी गोठते. अर्जाच्या चौकशीला लागणारे दिवस वजा केले तर नवीन नावासाठी १९ ऑक्टोबरपर्यंतच अर्ज चालणार होता. घोषणेनंतर फक्त चार दिवस!

म्हणून निवडणुकीचं काम निवडणूक नसताना करायचं असतं. पुढे जे लिहिलंय ते पाच-सहा जणांच्या गटासाठी आहे. पक्षाचं पाठबळ नाही, निधी नाही, गाडी नाही असं धरूनच लिहिलंय.

मतदारसंघाचा नाद सोडा

राज्यात २८८ मतदारसंघ आहेत, एकेका मतदारसंघात सरासरी तीन लाखांच्या वर मतदार. एवढ्यांपर्यंत पाच-सहा जण पोचूच शकत नाहीत. त्यांनी पोचायचा प्रयत्न केला की फक्त फेसबुकवर पोस्टी पडतात. पण २०२४ ला राज्यात मतदान केंद्रं लाखाच्या पुढे होती, म्हणजे एका केंद्रामागे साधारण हजार मतदार. हजार माणसांपर्यंत पाच जण नक्की पोचतात, तेही दोन-तीनदा.

तेव्हा एक यादीभाग, म्हणजे एका केंद्राची मतदारयादी, धरा. शक्यतो तुमच्यापैकी निदान दोघं त्याच भागात राहणारे हवेत. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला लोक चहा देतात, पण खरं काय ते सांगत नाहीत. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ आणि यादीभाग क्रमांक टाकला की यादी मिळते. ती छापून घ्या. एका पानावर तीस नावं असतात, त्यामुळे चाळीसेक पानांत काम होतं. मोबाइलवर यादी वाचायचा शहाणपणा करू नका. पेन्सिलने खुणा करता आल्या पाहिजेत.

यादी मोठ्याने वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग हिचाच आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास पारावर, पाण्याच्या टाकीपाशी किंवा सोसायटीच्या आवारात बसायचं आणि नावं वाचायची. लोक आपोआप जमतात. "अहो, हे तर दोन वर्षांपूर्वी गेले," "ही पोरगी नगरला दिलीय," "हे कोण? या नावाचं आमच्या गल्लीत कुणीच नाही." घरोघर फिरून जे आठवडाभरात कळणार नाही ते दोन संध्याकाळींत कळतं, कारण एकाचं चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो.

नावापुढे एकच अक्षर टाका. ह म्हणजे हजर, म म्हणजे मयत, प म्हणजे पत्ता बदललेला, क म्हणजे कामासाठी हंगामी बाहेर. शेवटची दोन अक्षरं एकमेकांत मिसळू देऊ नका. बीड, अहिल्यानगरच्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर दिवाळीनंतर निम्मी घरं कुलपात असतात, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. तेव्हा कुणी पडताळणीला आलं की घराला कुलूप दिसतं आणि 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. हा शेरा चूक आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटलंय की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचं सर्वसाधारण राहण्याचं ठिकाण बदलत नाही. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, हे शांतपणे दाखवा. बीएलओ बहुतेकदा अंगणवाडी ताई नाहीतर शाळामास्तर असतात, आपली नोकरी सांभाळून हे काम करतात. त्यांच्याशी भांडून काही मिळत नाही, त्यांना नीट यादी करून दिली तर त्या दुवा देतात.

उतारवयातली माणसं आणि यादीत कधीच नसलेले लोक यांची एक वेगळी वही करा. तिच्यात नाव, पत्ता, अडचण एवढंच लिहा. जातीचा रकाना आखू नका. कुणी कितीही 'शास्त्रशुद्ध नियोजना'चं सांगो, असली वही एकदा कुणाच्या हाती लागली की वस्तीतला विश्वास संपला. फोन नंबर घेतलेत तर ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नका.

अर्ज

नवीन नावाला नमुना ६, नाव वगळायला नमुना ७, पत्ता किंवा तपशील बदलायला नमुना ८. वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा पूर्ण झाली का हे मोजायच्या तारखा, आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे अठरा पूर्ण व्हायची वाट न बघता सतरा पूर्ण झालेल्या पोरांचे अर्ज आधीच भरता येतात. अकरावी-बारावीचे वर्ग हे त्यासाठी सोपं ठिकाण.

सगळ्यात जास्त गळती लग्न होऊन आलेल्या मुलींची असते. नाव माहेरच्या यादीत, माणूस सासरी. तिथे जाऊन मत द्यायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जाणार. त्यांना नमुना ८ भरायला मदत करा. सासूबाईंना बाजूला सारून नव्हे, त्यांच्यासमोरच.

पालात किंवा पुलाखाली राहणाऱ्या भटक्या-विमुक्त कुटुंबांकडे पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून त्यांना परत पाठवलं जातं. आयोगाचा नियम वेगळा आहे. बेघर माणसाने जी जागा सांगितली तिथे बीएलओने रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का हे बघायचं असतं. कागद नसला तरी चालतं. हा नियम कचेरीतल्यांनाही बरेचदा ठाऊक नसतो. छापून सोबत ठेवा, आणि पडताळणीच्या रात्री तुमच्यापैकी एक जण तिथे हजर राहा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. गठ्ठ्याने अर्ज नेऊन देऊ नका, ते घेत नाहीत. ज्याचा त्याने भरावा, आपण बाजूला बसावं. आणि नमुना ७ ला जपून हात लावा. खोटं निवेदन दिलं तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद आहे, आणि तेही सोडा, जिवंत माणसाचं नाव कापलं गेलं तर वस्तीत तोंड दाखवायला जागा उरत नाही. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदारयादीच्या फेरतपासणीत, प्रारूप (कच्च्या) यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली. प्रारूप यादी लागली की पहिल्याच दिवशी आपला भाग तपासायचा तो यासाठी.

दारात काय बोलायचं

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या पक्षाचे?" गुळमुळीत बोलू नका. "पक्षाचे नाही, मावशी. पण मत आहे आमचं, विचाराल तर सांगतो. आधी तुमचं नाव यादीत आहे का बघू?" नावाचं काम झालं की माणूस मोकळा होतो. मग एकच प्रश्न विचारा, "गेल्या पाच वर्षांत सरकारी दवाखान्यात जायची वेळ आली का?" आणि गप्प बसा. बाईने सांगितलं की रात्री डॉक्टर नव्हता, सोनोग्राफी बाहेरून करावी लागली, तर तोच तुमचा प्रचाराचा मुद्दा. आरोग्य, पोलीस, जमीन हे राज्याच्या अखत्यारीतले विषय आहेत. वनहक्काचे रखडलेले दावे, कमी पटाची म्हणून बंद व्हायला टेकलेली शाळा, गायरानावरच्या घरांना आलेली नोटीस हे विधानसभेचेच प्रश्न. दिल्लीचं राजकारण दारात उकरून काढू नका.

आपल्या लोकांची भाषा जड असते, हे मान्य करावं लागेल. 'फॅसिझम' हा शब्द दारात चालत नाही. 'संविधान' चालतो, पण सगळीकडे सारखा नाही. बौद्ध वस्तीत तो घरचाच आहे आणि २०२४ च्या लोकसभेला त्याने काम केलं. दुसऱ्या आळीत तोच शब्द भाषणासारखा लागतो. तिथे रेशन आणि खताचा भाव बोला. आणि लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवर नाक मुरडू नका. त्या पैशातून कुणाचं औषध आलंय. "ते मिळालेच पाहिजेत, आणि दवाखानाही चालला पाहिजे," एवढं म्हटलं तरी पुरे.

कलापथक, पथनाट्य जरूर करा. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागे अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीचा जोर होता. पण समितीकडे गावोगाव शेकापचे आणि गिरण्यांतून लाल बावट्याचे माणसं ओळखणारे कार्यकर्तेही होते. नुसत्या डफावर मतं पडत नाहीत.

कायद्याच्या चार खाचा

पत्रक छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. एखाद्या उमेदवारासाठी खर्च करायचा तर त्याची लेखी परवानगी लागते आणि तो खर्च त्याच्या ४० लाखांच्या मर्यादेत धरला जातो. धर्माच्या नावाने मत मागणं आपल्या बाजूनेही कायद्याने भ्रष्ट व्यवहारच आहे. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा आणि मिरवणूक बंद.

या ४८ तासांत 'लक्ष्मीदर्शन' होतं. पाकिटं वाटणाऱ्यांशी हातघाईवर येऊ नका. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका, ठिकाण त्यात आपोआप नोंदलं जातं. पाकीट घेणाऱ्या गरिबाला मात्र उपदेश करायला जाऊ नका. घेणंही गुन्हा आहे एवढं सांगितलं तरी बास.

बाहेरगावचे मतदार

२०२४ ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला. ऊसतोडीच्या टोळ्या फडावर पोचल्या आणि पाचव्या दिवशी गावाकडे मतदान! अशा वेळी बोलायचं ते मुकादमाशी, आणि टोळी निघायच्या आधी. उचल (आगाऊ पैसे) घेतलेला कोयता, म्हणजे तोडणी मजूर, स्वतःहून सुट्टी मागत नाही. टोळीची निघायची तारीख चार दिवस पुढे ढकलता येते का, हा प्रश्न सरपंच, मुकादम आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी यांना एकत्र बसवून विचारावा लागतो. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्यात आहे. फडावर ती आपोआप कुणी देत नाही.

गाड्या करून मतदार आणायचा मोह होईल. करू नका. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी मतदारांसाठी भाड्याने गाडी केली तर तो भ्रष्ट व्यवहार ठरतो आणि निवडून आलेली जागाही जाऊ शकते. माणसाने आपल्या पैशाने एसटीने यावं. तुम्ही त्यांना गाड्यांच्या वेळा कळवा. ८५ वर्षांच्या पुढचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार घरूनच मत देऊ शकतात, पण नमुना १२-ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. उतारवयाची वही इथे कामाला येते.

मतदानाचा दिवस

करवीरमध्ये २०२४ ला ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं, कुलाब्यात ४५ टक्क्यांच्या आत. शहरात काम करत असाल तर सकाळी अकराच्या आत लोकांना बाहेर काढायचं, नंतर जेवण, झोप आणि टीव्ही. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही. नुसत्या मतदार चिठ्ठीवर मत देता येत नाही, हे आदल्या दिवशी प्रत्येक घरी सांगा. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांतलं एक चालतं. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय असं कळलं तर परत फिरायचं नाही, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागायचं. सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्यासाठी चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटतात.

उमेदवाराने तुमच्यापैकी कुणाला मतदान प्रतिनिधी नेमलं असेल तर त्याने पहाटेच्या अभिरूप मतदानाला (यंत्राच्या चाचणीला) हजर राहावं आणि संध्याकाळी नमुना १७-क ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हातात पडल्याशिवाय उठू नये. मोजणीनंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय आकडे येतात. त्यातली आपल्या भागाची ओळ काढून यादीवरच्या खुणांशी ताडून बघा. कुठल्या आळीत कमी पडलात ते दिसेल. जिल्हा परिषदेला आणि पालिकेला याच विधानसभेच्या याद्या फोडून वापरतात, त्यामुळे तेच चाळीस कागद पुन्हा कामाला येतात.